पलायन नव्हे, उतरणं

७ एप्रिल. सकाळी ११ वा. २० मि.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. शाळेत नन्सनी शिकवलं होतं, तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ, रडणं नंतर. तर या वेळी, संस्थेच्या लखनौतल्या जानकीपुरमच्या हॉलमध्ये, समोसे खाता खाता पाच जणांनी एक जिवंत गाव मेलेलं ठरवलं. सहावी मी. मी हात वर केला नाही. इतिवृत्तात मात्र ‘सर्वसम्मति से’.

गाव कुमाऊँच्या पार वर, शेवटच्या जीपनंतर दोन दिवस चालून. निवृत्त झाल्यावर पाच उन्हाळे मी तिथे मुलांना शिकवलं. गुडघे गेले म्हणून थांबले. संस्थेकडून मे ते ऑक्टोबर एक नर्स वर पाठवायची, हे मीच भांडून पास करून घेतलं होतं. दोन वर्षं ती गेली. यंदा रद्द. फेब्रुवारीत एक सर्व्हेवाला पाठवला होता म्हणे. त्याने कुलपांचे फोटो आणले आणि लिहिलं: ‘गाँव के लोग पलायन कर चुके हैं.’

मी सांगितलं, दर वर्षी बर्फाआधी सगळं गाव मेंढ्या, म्हाताऱ्या, भांडीकुंडी घेऊन खालच्या गावात उतरतं. मेमध्ये परत वर. बापजाद्यांपासून असंच आहे. फेब्रुवारीत तिथे खिडकीपर्यंत बर्फ असतो, कोण भेटणार?

अध्यक्ष महाशय (यापुढे अ. म., पूर्ण लिहायला शाई वाया जाते): “मैडम, फोटो झूठ नहीं बोलते.”

मी: “फोटो कुछ भी नहीं बोलते. बोल तो आपका आदमी रहा है.”

शेजारून केळकर हळूच, मराठीत: “जाऊ द्या हो वहिनी. वातावरण कशाला बिघडवता?” ह्यांचे रेल्वेतले मित्र, म्हणून वहिनी. मला मराठीत गप्प केलं आणि ठरावाला अनुमोदन हिंदीत दिलं.

८ एप्रिल

काल झोप नाही. तो शब्द डोक्यातून जात नाही. पलायन.

आपल्यात पलायन कोण करतं? चोर. कैदी. कर्ज बुडवलेला शेटजी. अ. म. म्हणाले, हिंदीत त्याचा अर्थ नुसता स्थलांतर, तुम्ही मराठी लोक उगाच भडकता. असेल. मग उन्हाळ्यात नैनीतालला बंगला उघडून बसतात, तेव्हा लखनौतून त्यांचंही पलायन होतं का? घराला कुलूप तर तेही लावतात.

हे तेव्हाच सुचायला हवं होतं. मला सगळं दुसऱ्या दिवशी सुचतं.

९ एप्रिल

कुंतीला फोन. वर मी तिच्याच घरी राहायचे. दगडी घर, खाली गुरं, वर आम्ही, मधे चुलीचा धूर. सध्या सगळे खालच्या गावात, तिथे फोन लागतो. वर लागत नाही. एका कातळावर चढून हात लांब केला तर कधीतरी.

सर्व्हेचं सांगितलं तर आधी हसलीच.

“फरवरी में आया था? अरे दीदी, फरवरी में तो हमारे भूत भी नीचे उतर आते हैं!”

मग नर्सचं सांगितलं. हसू बंद.

पुष्पाला पाचवा लागलाय. कुंतीची सून. ऑगस्टात होईल. ऑगस्टात पाऊस, ओढ्यावरचा लाकडी पूल दर वर्षी वाहून जातो आणि गाव महिनाभर तुटतं. पहिल्या खेपेला नर्स नव्हती. तिला डोलीत घालून चौघे निघाले, मी मागून. पुलाच्या अलीकडेच...

ते लिहायचं नाही. बाळ तिथेच पुरलं, एवढंच.

“दीदी, मंजू सिस्टर आएगी ना?”

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. ती समजली.

१३ एप्रिल

रविवार. निखिल इथल्याच सरोजिनी नगरहून आला. त्याला पुष्पाचं सांगितलं. मी मराठीत बोलते, चिरंजीव हिंदीत उत्तर देतात. भाषेचं सोडा, मुद्द्याचं उत्तर द्या!

“आई, इसमें प्रॉब्लम क्या है? उसको नीचे रोक लो. या यहाँ ले आओ, अपने पास.”

जणू मला सुचलंच नव्हतं. मी विचारलं होतं कुंतीला. म्हणाली, “आपके घर? और गोड़ाई कौन करेगा?” गोड़ाई म्हणजे खुरपणी. वरच्या शेतांवर वर्षाचं खाणं असतं. फाफर (कुट्टूचं धान्य), राजमा, बटाटा. कुंतीचा मुलगा मेंढ्यांमागे, नवरा हल्द्वानीच्या हॉटेलात कामाला. शेतात सासू आणि सून, दोघीच. एक खाली राहिली की निम्मं शेत पडीक. आणि खालच्या झोपडीत पोटुशी पोर एकटी कुणाच्या भरवशावर? तिथलं सगळं गावही वर गेलेलं असतं.

निखिल: “अच्छा. फिर तो यार मुश्किल है.”

एवढं बोलून त्याने सब्जी वाढून घेतली. वाईट नाही तो. फक्त त्याची मुश्किल पोळी संपेपर्यंतच टिकते.

१६ एप्रिल

मंजू नर्सला फोन. वाटलं, दोन उन्हाळे तिथे काढलेत, तीच खरं सांगेल.

“मैडम, गर्मी में तो गाँव भरा रहता है. बच्चे ही बच्चे.”

म्हटलं, हे दोन ओळींत लिहून दे.

“लिखकर मत माँगिए मैडम. नौकरी उन्हीं की है.” मग म्हणाली, “और सच कहूँ, मुझे रोड वाला गाँव मिल रहा है. शाम को घर आ सकूँगी.”

राग आला. फोन ठेवला आणि मग रागवायला कुणी उरलं नाही. सहा महिने मुलापासून लांब, न्हाणीघर नाही, पाणी ओढ्यावरून. मी तरी गेले असते का तिच्या पगारात?

गेले असते, असं लिहिणार होते. खोटं लिहायचं तर रोजनिशी कशाला?

१९ एप्रिल

केळकर आले. हातात पेढे, नातवाला ॲडमिशन मिळाली. चहा दिला, पेढाही खाल्ला. पेढ्याचा काय दोष?

सर्व्हेचे फोटो मागवून घेतले होते, ते समोर ठेवले. म्हटलं, भाऊजी, तुम्ही इंजिनीअर ना, जरा बघा. दाराला कुलूप, बरोबर. आणि दाराशेजारी? छपरापर्यंत रचलेली लाकडं, वर सपाट दगड ठेवलेले, भिजू नयेत म्हणून. पळून गेलेला माणूस परतीचं सरपण रचून जातो?

बराच वेळ बघत बसले. मग चष्मा पुसला.

“वहिनी, तुमचं बरोबर आहे हो. मलाही मीटिंगमध्येच कळलं होतं.”

“मग?”

“मग काय... देणगीदारांना गाव दाखवावं लागतं. दोन दिवस कोण चालणार? रोडवरच्या गावात गाडी दारापर्यंत जाते. फोटो काढायचे, जेवून परत. ते आधीच ठरलं होतं. रिपोर्ट नंतर मागवला.”

अस्सं.

म्हणजे सर्व्हेवाला मूर्ख नव्हता. फेब्रुवारीत पाठवला, कारण फेब्रुवारीतच पाठवायचा होता.

विचारलं, हे मीटिंगमध्ये बोलाल? म्हणाले, “या वयात शत्रू कशाला?” म्हटलं, या वयात नाही तर कधी? जाताना पेढ्यांचा डबा विसरून गेले. किंवा ठेवून गेले.

२२ एप्रिल

कुंतीचा फोन, आपणहून. तीन मेला निघतात. पुष्पाला खेचरावर बसवणार का, विचारलं. “नहीं दीदी, हिलती है सवारी. पैदल आएगी, धीरे-धीरे.” मागे मेंढ्यांच्या घंटा, कुणाचं तरी भांडण. पुष्पाने फोन घेतला. नुसतं “नमस्ते मैडम जी”.  मी तब्येत सांभाळ म्हणाले. काय सांभाळणार ती, आणि कशाने?

२३ एप्रिल

अ. मं.ना रजिस्टर्ड पोस्टाने. एक प्रत कार्यालयात हातोहात, पोच घेऊन. मराठीत मसुदा इथे, हिंदीत उद्या उतरवते. एक शब्द बदलणार नाही.

‘महाशय, ७ तारखेच्या ठरावाला माझा विरोध होता, तो नोंदवावा. “पलायन” हा शब्द रिपोर्टमधून काढावा. ते लोक उतरतात आणि चढतात. नर्स तीन मेला त्यांच्याबरोबर वर जाणार की नाही, एवढंच विचारते. नर्स मिळाली नाही, बजेट नाही, पुढच्या बैठकीत पाहू, यांतलं काही नको. उत्तर लेखी हवं, ३० एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत.

उत्तर “नाही” असेल तर खाली संस्थेचा शिक्का पुरणार नाही. सही करणाऱ्याने आपलं पूर्ण नाव स्वच्छ अक्षरांत लिहावं. पुष्पाच्या सासूला वाचता येत नाही. ते मला फोनवर वाचून दाखवायचं आहे.’