चेनचं लॉक

२ मार्च १९९७

काढलं एकदाचं गाडीवरचं पोतं! खाली दोन विंचू आणि कोंबडीचं एक अंडं. आई चुलीपुढनं ओरडली, "ती अवदसा हाय तिथंच ऱ्हाऊ दे!" अवदसा कसली? दादाची गाडी आहे. ऑक्टोबरात अनुपदादा हिच्यावरनं पडला आणि गेला. तेव्हापासून ही गोठ्यात भिंतीला टेकून. हँडल वाकडं, एक आरसा गायब, सुटलेली चेन पिशवीत बांधलेली.

मला नुसतं बसवत नाही. इंदापुरात शाळेचे तास घ्यायचे, संध्याकाळी निमगावच्या स्टँडवर उतरायचं, आणि घरी येऊन काय करायचं? आई बोलत नाही. आबा बोलतात ते फक्त म्हशीशी.

४ मार्च

सरळ रस्ता. खड्डा नाही, समोरून वाहन नाही, लख्ख ऊन. सरळ रस्त्यावर माणूस पडतोच कसा? गावानं उत्तर काढलं — ज्ञानू पाटकऱ्याचा अनुप प्यायला होता! स्टँडवरचा मेस्त्री तर छातीठोक सांगतो, "गाडी ठणठणीत हुती, चालवणाराच न्हवता." म्हणून तर गाडी त्याच्याकडं नेणार नाही. मेले तरी नाही. मीच उघडून बघणार.

दादा पीत नव्हता. लग्नात दिशावहिनीशेजारी उभं राहून पंचशील म्हटलं होतं त्यानं, आणि पाचव्या शीलाला आवाज चढवला होता — कारण वहिनीच्या वडिलांची अट तेवढीच होती. हुंडा नको, मानपान नको, दारू न पिणारा जावई पाहिजे. त्यांनी त्यांच्या वस्तीतला गुत्ता बंद पाडलेला. दादाच्या पुण्यानुमोदनाला आले, "आमाला फसवलं" म्हणाले आणि वहिनीला बारामतीला घेऊन गेले. सहा महिन्यांची पोटुशी होती. जानेवारीत मुलगी झाली. आम्हाला कळलं ते बाजारात, तिसऱ्याच बाईकडून!

वहिनीनंही विश्वास ठेवला, हे मला सहन होत नाही. गाडीत काहीतरी बिघडलं असणार. ते सापडलं की ते हातात घेऊन मी बारामतीला जाणार आहे. मग बघते कोण काय बोलतं.

७ मार्च

कार्ब्युरेटर उघडला, साफ केला, परत बसवला. एक वॉशर उरला.

८ मार्च

परत उघडला. आता दोन उरले!

९ मार्च

आबा आले शेवटी गोठ्यात. दोन दिवस लांबून बघत होते, राहवलं नाही. आयुष्यभर कॅनॉलवर पाटकरी, दारं उघडायची नि पाडायची, तेवढ्यावर यंत्रातलं सगळं कळतं असा त्यांचा समज. "फिल्टर रॉकेलमधी बुडीव, लख्ख हुतंय." बुडवला, लख्ख झाला, तसाच ओला बसवला. मग किका मारून मारून जीव गेला. गाडी फुरफुरली, धूर ओकली आणि बंद. फिल्टर पिळून उन्हात वाळवायचा असतो, हे आता कळलं.

शिकले: ओलं काही बसवायचं नाही. आणि आबांचं सगळं ऐकायचं नाही.

१२ मार्च

आज बोल्ट तुटला. "घट्ट पिळ, अजून पिळ, बायकांच्या हाताला जोर नसतो," हे आबा. मग मीही ईर्षेला पेटले. कट्! अर्धा बोल्ट आत, अर्धा माझ्या पान्यात. मी पाना भिंतीवर फेकला, म्हैस बिथरली, आई धावत आली. आणि आबा हसले! ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा. म्हणाले, "लेकी, जोर हाय की गं तुला."

मला राग आलेला तो कुठं गेला कळलं नाही. मीही हसले, आई तेवढी पदर तोंडाला लावून आत गेली.

१६ मार्च

शाळेत धड लक्ष नाही. सातवीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांक लिहिता लिहिता ब्रेकचा विचार. मुलं म्हणाली, "बाई, बोटं काळी झाली तुमची." झालीत खरी. साबणानं जात नाहीत, चुलीतली राख लावते.

ब्रेक ठीक. टायर ठीक. हँडल पडताना वाकलं असणार. मग काय झालं? काय?

२१ मार्च

सुरू झाली! सुरू झाली, सुरू झाली!

२२ मार्च

काल जास्त लिहवलं नाही. तोच आवाज! आई दारात आली आणि रस्त्याकडंच बघत उभी राहिली. मी गाडी बंद केली. "बंद का केलीस?" म्हणाली. परत चालू केली. थोडा वेळ तशीच चालू ठेवली, उगीच.

३० मार्च

चेन राहिलीय. पिशवीतून काढून रॉकेलनं धुतली. एकही कडी तुटलेली नाही, नुसती जोडाची कडी गायब. ती पडताना निघाली असं सगळे म्हणाले होते. इंदापूरहून नवी कडी आणली, वरच्या लॉकसकट. लॉक म्हणजे बारीकशी पत्र्याची चिमटी, एका अंगानं बंद, दुसऱ्या अंगानं बेडकासारखं तोंड उघडं. जोडाची कडी निसटू नये म्हणून वरून दाबून बसवायची.

तोंड कुणीकडं करायचं? मी दोन्हीकडून लावून बघितलं, दोन्हीकडून बसतं.

आबा म्हणाले, "त्यात काय इचार करायचा? चेन पळती तिकडं तोंड. जुपलेला बैल कधी मागं बघून चालतुया का?" बरोबर वाटलं. बसवलं. आबांनी अंगठा फिरवून बघितला, "ब्येस. अनुपला बी नवी चेन मीच बसवून दिली हुती." मग उठून म्हशीकडं गेले.

६ एप्रिल

हात दुखतोय, वाकडंतिकडं लिहितेय.

कॅनॉलच्या पुलापर्यंत जाऊन यायचं ठरवलं होतं. उसातल्या रस्त्यानं दादानंच शिकवली होती चालवायला, त्यामुळे भीती नव्हती. डोक्याला ओढणी बांधली. माणसं बघत होती, बघू देत! येताना सरळ रस्ता, दुसऱ्या गिअरमध्ये होते. खड्ड फट्ट असा आवाज आला आणि मागचं चाक एकदम गच्च धरलं. पुढचं कळलंच नाही. मी मातीत, गाडी माझ्या बाजूला, चेन चाकात गुंडाळलेली, जोडाची कडी नि लॉक गायब.

कोपर आणि गुडघा सोलवटला. पण मी तिथं धुळीत बसून हसत होते! सरळ रस्ता, खड्डा नाही, समोर वाहन नाही. मी काय प्यायले होते? मी हळू होते म्हणून वाचले. दादा हळू कधी चालवायचा? असाच पडला तो. अस्साच! दादा, तू प्यायला नव्हतास रे!

दोन-चार दिवसांत बारामतीला जाते. आईला अजून सांगितलं नाही. आधी लॉक का निघालं ते नीट बघते. वहिनीचे वडील वकिलासारखे प्रश्न विचारतात.

८ एप्रिल

बाजारचा दिवस होता. शाळेतून लवकर निघाले. पिंपळाखाली गाड्या लागतात तिथं गेले आणि वाकून एकेकाच्या मागच्या चाकापाशी चेन बघत सुटले. द्वारकाबाई भाजीच्या पाटीमागनं म्हणाली, "काय हरावलं गं ज्योत्स्ना?" म्हटलं, कानातलं. ती बिचारी उठून माझ्याबरोबर शोधायला लागली!

एका गाडीचं बघितलं. दुसरीचं. तिसरीचं. ज्यांची ज्यांची चेन उघडी होती त्या सगळ्यांचं. सगळ्या लॉकांची बंद बाजू चेन पळते तिकडं, आणि तोंड मागं. अगदी सगळ्यांची. तोंड पुढं ठेवलं की कशाला जरी अडलं तरी लॉक उचकटणारच. पोरालाही कळेल.

मला दरदरून घाम आला. द्वारकाबाई म्हणाली, "आगं, सोन्याचं हुतं का?"

मी आबांनी सांगितलं तसंच लावलं होतं.

आणि दादाची चेन आबांनीच बसवली होती.

९ एप्रिल

शाळेत गेले नाही. कुठंच बसवत नाही. विहिरीपर्यंत गेले, परत आले. भांडी घासली, घासलेलीच परत घासली.

सांगितलं तर दादा सुटतो. वहिनी येईल, बाळ येईल. सांगितलं तर आबा मरतील. विहिरीत उडी घेतील असं नाही म्हणत, पण मरतील. आत्ता कुठं हसायला लागलेत. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! कुणाला विचारू? ज्याला विचारलं असतं तो दादाच नाही.

दादाचा राग येतोय. तुला बघता येत नव्हतं का रे, बापानं काय लावलंय ते? लगेच स्वतःचाही येतो. मी तरी कुठं बघितलं? आबांनी सांगितलं आणि मी ऐकलं. आमच्या घरात आबांनी बसवलेलं कुणी परत तपासत नाही, तो त्यांचा अपमान. दादानंही नुसतं "ब्येस" म्हटलं असणार.

१० एप्रिल

ठरलं. सांगायचं नाही. वहिनीच्या वडिलांना म्हणेन, कडीच कच्ची होती. आबांना म्हणेन, मी पडले ते माझ्याच धांदरटपणानं. खोटं न बोलायचं शील चौथं. दादाचं पाचवं वाचवायला माझं चौथं जाऊ दे!

१२ एप्रिल

सगळं वाटोळं केलं मी. माझ्या तोंडानं.

आणखी एक कडी आणून चेन परत बसवत होते. लॉक नीट लावलं, तोंड मागं. आबा कधी मागं येऊन उभे राहिले कळलं नाही. म्हणाले, "तोंड मागं झालंय बग." मी म्हटलं, राहू द्या. ते खाली बसले, लॉक काढायला हात घातला. म्हणाले, "आगं उलटं हाय! परत पडशील." आणि मी त्यांचा हात धरून ओरडले —

"आबा, असंच असतंय!"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांचं असंच असतंय!"

का बोलले? गप्प बसता येत नव्हतं? त्यांना काढू दिलं असतं, मागाहून परत लावलं असतं मी. एवढं साधं!

आबांनी हात मागं घेतला. लॉककडं बघत राहिले. मग विचारलं, "तू पडलीस तवा चाक धरलं हुतं का?" मी नाही म्हटलं. मला खोटं नीट बोलता येत नाही. ते उठले, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. जेवायला बसले, भाकरी मोडली, एक घास खाल्ला. आईनं विचारलं, "बरं न्हाय का?" म्हणाले, "हाय की बरं."

आत झोपलेत. म्हणजे पडलेत. खोकला ऐकू येतोय.

१३ एप्रिल

सकाळी आबा अंथरुणात नव्हते. कॅनॉल, विहीर, मळा, सगळीकडं मी धावत जाऊन बघितलं. आईला काही सांगताही येईना.

दुपारी वहिनीचा भाऊ आला, बारामतीहून. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेरच थांबला. "आबा आमच्या दारात बसलेत सकाळधरनं. आत या म्हटलं तर येत न्हाईत, पाणी घेत न्हाईत. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात, 'पोरगा प्यायला न्हवता, चेन मी उलटी बसवली हुती.' वडील पाया पडले त्यांच्या, तरी उठंनात. तुमी दोघी चला. ताई बाळाला घेऊन त्यांच्याशेजारी पायरीवर बसलीय. ती बी उठंना."