मामा मांडवात आला नाही

मेकन, जॉर्जिया
बुधवार, १२ मार्च २०२५

चि. उर्वी,

अनेक आशीर्वाद. तू आणि निमिष बरे असाल. ॲन आर्बरला अजून बर्फ आहे असं तो म्हणत होता; इथे परागकणांनी गाडी हळद लावल्यासारखी पिवळी झाली आहे आणि मी सकाळपासून शिंकतो आहे. आईचं बीपी ठीक आहे.

परवा फोनवर तू म्हणालीस, "सॉरी टु हिअर, बाबा. पण मी नाही येणार. ही डिडन्ट कम फॉर मी." आई शेजारी होती म्हणून मी नुसतं "बरं" म्हटलं. ती नसती तरी तेच म्हटलं असतं. तोंडाने मला जमत नाही, म्हणून लिहितो आहे.

विल्बर्टमामा रविवारी पहाटे झोपेतच गेले. त्रास झाला नाही म्हणतात.

आईला भाऊ नाही, म्हणून तू सात वर्षांची असताना शेजारचा हा उंच काळा माणूस मामा करून टाकलास. त्यांनीही ते मनावर घेतलं. तुला सायकल त्यांनी शिकवली. मी तेव्हा फॅक्टरीत ओव्हरटाइम करत होतो. पुढे तू शिकायला गेलीस आणि शनिवारी त्यांच्याकडे मीच जायला लागलो. मध्ये उकडलेल्या शेंगांचं भांडं, समोर टीव्ही. फुटबॉल असला तर फुटबॉल, नाहीतर जुने सिनेमे. सिनेमात एखादी काळी मोलकरीण ट्रे ठेवून निघून गेली की ते विचारायचे, "प्रल्हाद, हिचं नाव काय?" मला माहीत नसायचं, सिनेमालाही नसायचं. मग ते आपल्या एखाद्या आत्याचं नाव तिला देऊन टाकायचे. "ही पर्ल. हिने चाळीस वर्षं दुसऱ्यांची दारं उघडली."

त्यातून त्यांच्या लहानपणच्या गोष्टी निघायच्या. त्यांच्या गावात पोहण्याचा तलाव होता. काळ्या मुलांनाही येऊ द्यावं लागेल असं झालं, तेव्हा गावाने तो मातीने बुजवूनच टाकला. मी "अरेरे" म्हणायचो. आमच्या गावच्या विहिरीवर कोणाला चढू देत नव्हते, आणि अडवायला आमच्याच घरातली माणसं उभी असायची, हे मात्र मी त्यांना बावीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

तुझ्या लग्नात मामा म्हणून तुला मांडवात त्यांनी आणायचं ठरलं, तेव्हा त्यांनी यूट्यूबवर मराठी लग्नं पाहिली होती. अंतरपाट दूर होईपर्यंत तुझ्या पाठीशी उभं राहायचं ना, हे मला दोनदा विचारून पक्कं केलं होतं.

लग्नाची जागा मी निवडली. तू थीसिसमध्ये बुडालेली, "बाबा, तुम्ही ठरवा ना" म्हणालीस. वेबसाइटवर नुसतं 'ऐतिहासिक हवेली' लिहिलं होतं. ओकची झाडं, पांढरे खांब. कॉलेजात असताना पुण्यात एका इंग्रजी सिनेमात असे खांब पाहिले होते, तेव्हापासून ते डोक्यात बसले होते. नागपूरची आत्या फोटो बघून "राजवाडाच की रे!" म्हणाली आणि मी फुगून गेलो. तोच फोटो मोठ्या ऐटीत विल्बर्टना दाखवला.

त्यांनी हातातली शेंग परत भांड्यात ठेवली. "माझ्या आजोबांची आई या हवेलीच्या मळ्यावर होती," म्हणाले. "गुलाम होती. मी तिथे उभा राहू शकणार नाही. तुला माहीत नव्हतं, प्रल्हाद. आता माहीत आहे." लग्नाला अजून चार महिने होते.

चार महिन्यांत दुसरी जागा मिळाली असती. मी शोधलीच नाही. पत्रिका गेल्या आहेत, लोकांना काय सांगायचं, असं स्वतःला म्हणत राहिलो. खरं म्हणजे मला ते खांब हवे होते. तुला सांगितलं की विल्बर्टमामांचा गुडघा गेलाय, उभं राहवत नाही. त्यांच्या जागी यतीनकाका उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी तू लाडवांचा डबा घेऊन त्यांना बघायला गेलीस, तर ते शिडीवर चढून पन्हळ साफ करत होते. डबा पायरीवर ठेवून तू न बोलता परत आलीस. जवळजवळ तीन वर्षं झाली, तू त्या दारात गेली नाहीस. मी खिडकीतून सगळं पाहत होतो, उर्वी. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

इथवर लिहून मी उठलो, चहा केला, परत बसलो. अजून एक राहिलं आहे.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला कुंपणाशी गाठून विचारलं, "डझ उर्वी नो?" मी म्हटलं, "येस. शी लव्हज द प्लेस."

"वेल, इट्स हर डे," म्हणाले आणि आत गेले.

म्हणजे सगळं माहीत असून तूच ती जागा निवडलीस, असं ते शेवटपर्यंत समजत होते. आज सांगू, उद्या सांगू, करत मी दिवस काढले.

काल आईला हे सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. गॅस बंद करून वर निघून गेली.

आज सकाळी त्यांच्या बहीण मिस डेलोरिस आल्या होत्या. अंत्यविधीला चर्चमध्ये वाटायचा कागद छापायला जायचा आहे. घरच्या माणसांची यादी विल्बर्टनी जानेवारीतच स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. त्यातल्या एका नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बहीण, दोन पुतणे, आणि खाली: भाची, उर्वी. तुझ्याबद्दल तसं समजूनही त्यांनी तुझं नाव लिहिलं होतं. मी "बरोबर आहे" म्हटलं.

अंत्यविधी शनिवारी अकरा वाजता आहे. ये, बाळा. घरच्यांसाठी पहिली रांग राखून ठेवतात, तिथे बस. माझं तोंड बघावं लागेल म्हणून अडू नकोस. हे पत्र ईमेलने पाठवलं की मी मिस डेलोरिसकडे जाऊन सगळं सांगणार आहे. त्यांनी नको म्हटलं, किंवा तू नको म्हटलंस, तर मी घरीच थांबेन.

तुझा मामा तुझ्यापासून तोडणारा,
तुझा बाबा