खुणेचं नाव

८ जानेवारी

ती. आत्यास,
ठकीचा शि. सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून कान धरते. सगळं ठीक आहे असंच लिहायला बसले होते, पण तुझ्यापुढे खोटं टिकत नाही. आत्या, कर्णबधिर मुलांच्या या शाळेत मी हरले आहे. वर्ग माझा होतच नाही.

इथली मुलं ज्याला आपलं मानतात, त्याला खुणेचं एक नाव देतात. मुख्याध्यापक म्हणजे मिशीला पीळ. स्वयंपाकाच्या मावशी म्हणजे पळी ढवळल्याची खूण. माझ्या आधीच्या बाईंना तर आल्या आल्या नाव मिळालं होतं म्हणे. मला अजून नाही. माझ्याकडे नुसतं बोट दाखवतात, जसं कपाटाकडे दाखवावं. खुणांची भाषा जीव तोडून शिकले मी, पण मुलं शिकवलेलं उतरवून घेतात आणि मान फिरवतात. सत्र संपायच्या आत जमलं नाही तर दुसऱ्या बाई नजरेत आहेत, असं मुख्याध्यापकांनी गोड शब्दांत सुनावलंय. मला हेच काम करायचंय गं, दुसरं काही नको. काय करू?

लोभ आहे तो वाढव, आणि उत्तर लगेच धाड.
तुझी ठकी


१५ जानेवारी

चि. ठकीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

रडूबाई, आधी डोळे पूस. जन्मभर वर्ग सांभाळलेत मी. नाव मिळायची वाट कसली बघतेस? नव्या वर्गात गेले की मी फळ्यावर नाव ठसठशीत लिहायचे आणि मला काय हाक मारायची ते सांगून टाकायचे. बाई कशी आहे ते एकदा कळलं की पोरं निवांत होतात. तूही एक छानशी खूण ठरव आणि उद्याच जाहीर कर. तुझे वडील, म्हणजे आमचे बंधुराज, लहानपणी असेच भिंतीला चिकटून असायचे. तुम्हा बापलेकीला पुढे ढकलायचं काम माझंच दिसतंय.

जेवणाची हयगय करू नकोस. माया कमी पडली तर पत्रातून आणखी माग.
तुझी आत्या


२३ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. कानापाशी बोटं उमलवून फुलाची खूण केली आणि सांगितलं, हे माझं नाव. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मग लांब वेणीच्या एका मुलीने डोळे मिटून घेतले. वर्ग तिच्याच कलाने चालतो, त्यामुळे पाठोपाठ सगळ्यांनी मिटले. ऐकू न येणाऱ्या मुलाने डोळे मिटले की बाई त्याच्यापुरती उरतच नाही.

चित्रकलेचे सर स्वतः कर्णबधिर आहेत. त्यांनी नंतर समजावलं. खुणेचं नाव कुणी आपलं आपण घेत नाही, ते इतरांनी द्यायचं असतं. मी ते हिसकावून घेतलं. तेव्हापासून मी फळ्यापाशी गेले की डोळे मिटतात. काल माझा तोल सुटला आणि मी पाय आपटला. जमीन हादरली तशी सगळ्यात धाकटी दचकून रडायला लागली, पण रडतानासुद्धा तिने डोळे उघडले नाहीत. आत्या, मला माझीच किळस आली. अन्न गोड लागत नाही. राजीनामा लिहून ठेवलाय, येत्या सोमवारी देते.

लोभ ठेवण्यासारखं काही केलेलं नाही, तरी ठेव.
ठकी


२५ जानेवारी

चि. ठकीस,
आशीर्वाद.

घाईत लिहिते. मूर्ख मी. तिथलं काही माहीत नसताना माझ्या शाळेची रीत तुझ्या गळ्यात मारली. आता शहाणपण सांगायला तोंड नाही, पण हात जोडते, राजीनामा देऊ नकोस. आधी त्यांची माफी माग, त्यांच्याच भाषेत. नाहीच जमलं तर आत्याचं घर आहे, गादी घालून ठेवते. पण देऊ नकोस गं, पोरी.

रागाव, पण दुरावू नकोस.
आत्या


३१ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. राजीनामा सकाळीच दिला होता.

तरी वर्गात गेले. मला बघताच डोळे मिटले. फळ्यापाशी न जाता मुलांच्या बाकांजवळ खाली बसले. धाकटीने एक डोळा किलकिला केला, मग शेजारणीला कोपर मारलं. एकेक करत सगळ्यांचे डोळे उघडले. माफी मागायला हात उचलले, तर ते इतके थरथरत होते की एकही खूण धड होईना. पुन्हा केली, होईना. शेवटी तशीच ढसाढसा रडले.

वेणीवाली उठून आली. थरथर थांबेपर्यंत तिने माझी मनगटं घट्ट धरून ठेवली. मग वर्गाकडे वळून स्वतःचे दोन्ही हात थरथरवले आणि माझ्याकडे बोट केलं. एकेक करत सगळ्यांनी तसंच केलं. चित्रकलेचे सर दारात होते. त्यांनी खुणेने सांगितलं की हे तुमचं नाव, आता जन्मभर बदलायचं नाही.

धावत मुख्याध्यापकांकडे गेले. पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. पण राजीनामा हाती पडताच त्यांनी त्या दुसऱ्या बाईंना फोन केला होता, आणि त्या बाईंनी दुपारपर्यंत आपली आधीची नोकरी सोडून टाकली होती. आता त्यांना नाही कसं म्हणणार? येत्या सोमवारी त्या येतील.

मुलांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. ते मीच सांगायचं आहे, उद्या. मघापासून आरशापुढे उभी राहून करून बघते आहे. आधी हात थरथरवून माझं नाव, मग दाराकडे हात नेऊन जाण्याची खूण. मिळालेलं नाव मी स्वतः मुलांपुढे अजून एकदाही केलेलं नाही आणि पहिल्यांदा करायचं ते या वाक्यात. नावापर्यंत नीट होतं, आत्या. पुढची खूण होतच नाही.

तुझ्या लोभावरच उभी आहे. तू ये.
ठकी