मामाजींनी मागितलेलं घट्ट पिठलं

जानेफळ, मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा पिठलंच. वाटीभर बेसन, बाकी सगळं पाणी, अन् रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर. पिठलं ढवळताना मामाजी मागे पाटावर बसलेत असंच वाटत राहिलं. त्यांना जाऊन दोन महिने झाले, तरीही.

त्या रात्री ते एवढंच म्हणाले होते, "सुनबाई, आज पिठलं जरासं घट्ट कर." मी केलं नाही. दुसऱ्या दिवसासाठी बेसन राखायचं होतं. त्यांनी ते पातळच भाकरीत कुस्करून खाल्लं, पुन्हा मागितलं नाही. पहाटे गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मग मला काऊन असं वाटतं की... मूठभर बेसन जास्त घातलं असतं तर काय झालं असतं?

आज जेवताना ह्यांना सगळं सांगून टाकलं. हे हातातला घास तसाच धरून बसले. मग खाली बघतच म्हणाले, "दुसऱ्यांदा मांगू नका, पोरायले पुरत नाही, असं मीच सांगतलं होतं त्यायले."

आम्ही दोघंही तसेच उठलो. पोरांनी आमची ताटं ओढून घेतली अन् पुसून खाल्ली.