ओटा मोडू नये

मी, रामनाथ चांगदेव बोऱ्हाडे, वय ४६, धंदा शेती व शिकवणी, राहणार शिनोलीजवळचा बोऱ्हाडेमळा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कोणी सांगितले म्हणून नव्हे; पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे म्हणून.

१. वाटणीत आलेले घर, कांदा साठवायची बराख व बँकेतली ठेव पत्नी आरती हिला.

२. घराच्या रस्त्याकडेच्या ओट्याला मात्र अट आहे. तो मोडू नये, उंच करू नये, त्यावर गुळगुळीत फरशी बसवू नये. समोरच्या पाराचे सुशोभीकरण झाले तेव्हा पार कमरेइतका उंच झाला. घोडेगावची एसटी धरायला आलेली म्हातारी माणसे तेव्हापासून आमच्या ओट्यावर बसतात.

"लई गुळगुळीत केलाय, माशीबी घसरंल," त्यांच्यातल्या प्रयागबाई पाराकडे बघत म्हणाल्या.

"आदी चढाया शिडी तर आणा, मंग घसरायचं बघू," म्हस्कूबाबा म्हणाले.

ओट्यावर चढताना धरायला लोखंडी दांडा मी परवा बसवला. प्रयागबाईंनी धरून पाहिला आणि वीतभर खाली घ्यायला लावला. तो तिथेच राहावा.

३. धाकटा भाऊ सुदर्शन याला मोटारसायकल. ओटा पाडून दोन गाळे काढावेत असा त्याचा आग्रह आहे. "दादा, म्हातारी काय भाडं देणार हायेत व्हय?" नाही देणार. त्याचे चुकते असे मी म्हणत नाही. गाळे मात्र काढू नयेत.

४. आरतीला घर विकावे लागले तर विकावे. घर घेणाऱ्याला ही अट आधी सांगावी. मागे राहणाऱ्याला याहून अधिक बांधण्याचा मला अधिकार आहे का, याची खात्री नाही. ही कळकळ आहे की चांगला म्हणवून घेण्याची हौस, तेही ठरवता आले नाही. बसणाऱ्यांना त्याने फरक पडत नाही.

५. रोजनिशा जाळाव्यात. आरतीने आधी वाचल्यास हरकत नाही. सुदर्शनने वाचू नयेत.

लाभ मिळणाऱ्याची साक्ष नको, असे वकील म्हणाले. म्हणून ओट्यावरची मंडळी वगळून दोन तरुणांना बोलावले. संपत पेन हातात घेऊन थांबला. "सर, मंग माझीबी सही चालायची न्हाई. आज ना उद्या मीबी हितंच बसणार."

हे वाक्य लिहून घेतल्यावरच त्याने सही केली.

साक्षीदार: संपत भगवंत काळे, वय ३१
हर्षाली कुंडलिक लोहकरे, वय २८

लिहून ठेवणार: रामनाथ चांगदेव बोऱ्हाडे
ठिकाण: बोऱ्हाडेमळा, घराचा ओटा
दिनांक: १२ जानेवारी २०२५