गॅदरिंगनंतर तुम्ही आमच्या गावी आलात

बाई,

मागच्या आठवड्यात आपल्या कॉलेजात जाऊन आले. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. माझ्या वयाचे आम्ही मोजकेच, बाकीचे आमच्या मुलांच्या वयाचे. आपली ती लांबलचक पत्र्याची इमारत आता नाही. तिथं मजल्यावर मजले चढलेत आणि खाली मुलींच्या स्कूटींची रांग. चहाच्या वेळी एक मुलगी शेजारी येऊन बसली. "आजी, तुमच्या वेळी कॉलेजात मजा असायची का?" मी म्हटलं, "असायची की. फक्त ती आम्हाला पडद्याआडून बघावी लागायची." तिला काही कळलं नाही. मग मी तिला लेडीज रूमची गोष्ट सांगितली, आणि घरी आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही जाऊनही आता खूप वर्षं झाली, तेव्हा हे बोलणं कागदावरच.

साठच्या दशकातलं ते कॉलेज. आम्ही पाच मुली. ऑफिसच्या मागची एक खोली आमची, खिडकीला अर्धा पडदा. घंटा झाली तरी आम्ही बाहेर पडायचो नाही. सर यायचे, दाराशी जरा खाकरायचे, मग त्यांच्या मागून एकीमागे एक वर्गात जायचं, पहिल्या बाकावर बसायचं, आणि तास संपला की त्यांच्याच मागून परत खोलीत. मुलं आम्हाला मालगाडी म्हणायची. त्या पडद्याच्या फटीतून मी सगळं कॉलेज पाहिलं: एसटीच्या टपावरून उतरणारे वसतिगृहातल्या मुलांचे भाकरीचे डबे, श्रमदानात लावलेल्या लिंबांना बादल्यांनी पाणी घालणारी पोरं, गॅदरिंग जवळ आलं की नाटकातल्या नायिकेची चाल घटवत व्हरांड्यातून जाणारा एक दाढीवाला विद्यार्थी. मला त्या खोलीचं काही वाटायचं नाही. गावाकडून आलेल्या मुलीला ती सुरक्षितच वाटायची. वैतागायचात त्या तुम्ही. पुण्याहून भूगोल शिकवायला आलेल्या, पस्तिशीच्या, लग्न न केलेल्या. स्टाफमधल्या एकट्या बाई. मी तुम्हाला घाबरायचे. तुम्ही नकाशावर छडी आपटली की आमच्या बाकावरची दौत हलायची.

आणि मग ते गॅदरिंग. फिशपाँड हा त्यातला सगळ्यात आवडता कार्यक्रम. कुणीही कुणावरही निनावी चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची. ती स्टेजवरून मोठ्यानं वाचली जायची आणि ज्याच्यावर असेल त्यानं वर जाऊन ती घ्यायची. त्या वर्षी माझे वडील, आबा, पहिल्यांदाच आले होते. मागे सतरंजीवर, टोपी नीट करत, पोरीचं कॉलेज बघायला. मी मावशीकडे राहून शिकत होते आणि शनिवारी गाडीनं पुणतांब्याला उतरून गावी जात होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझं नाव पुकारलं गेलं आणि वाचणाऱ्यानं सूर लावला: "शनिवारची गाडी, खिडकीतली जागा, शेजारी कोण बसतं, तेवढं सांगा!" मांडवभर हशा पिकला. शेजारी कोणी बसत नव्हतं, बाई. आमच्याच गावची एक म्हातारी बसायची, बाजार करून परतणारी. पण हे त्या हशात कुणाला सांगणार? मी वर गेलेच नाही. मागे वळून पाहिलं तर आबा उठून उभे होते. त्यांनी नुसता हात केला, आणि मी त्यांच्यामागून बाहेर पडले. मावशीच्या दारात ते एवढंच बोलले, "सकाळी वळकटी बांध." मावशीही म्हणाली, "मला बी आता तिची जोखीम नको."

घरी आले ती सरळ कामाला लागले. गवत आण, शेण काढ, दुपारी आईबरोबर कांद्याची खुरपणी. पुस्तकं वळकटीतच होती. वैजापूरकडचं एक स्थळ आल्याचं कानावर आलं. त्यानंतरच्या एका रविवारी मी अंगणात धान्य पाखडत असताना पाटाच्या कडेनं एक बाई येताना दिसली. पांढरी सुती साडी, डोक्यावर पदर नाही, एका हातात तुटलेली चप्पल. ओळखायला मला वेळ लागला, कारण नकाशाशिवाय मी तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं. मी सूप टाकून आत पळाले.

आबा ओट्यावर बसलेले होते. त्यांनी घोंगडी टाकली, पाणी मागवलं. मग तो संवाद सुरू झाला, तो मी आत धान्याच्या कणगीमागे उभी राहून ऐकलाय.

"एकट्याच आलात?"

"एकटीच."

"बाईमानसानं असं एकटं हिंडू न्हाई."

"म्हणून तर आले," तुम्ही म्हणालात. "जाताना सोबत हवी. तुमच्या मुलीला पाठवा."

आबा हसले नाहीत. बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "बाई, पोरीला शिकाया धाडली हुती. चार लोकांत हसं करून घ्याया न्हाई."

"मलाही हसले सगळे. तुम्ही उठून गेलात त्यानंतर माझी चिठ्ठी निघाली."

"तुमची? मास्तरनीची?" आबांचा हात थांबला. "काय म्हनली?"

तुम्ही ते जसंच्या तसं म्हणून दाखवलंत, वर्गात एखाद्या नदीची उपनदी सांगावी तसं, एक अक्षर न गाळता. "बाई, सगळ्या जगाचा नकाशा तोंडपाठ, मग तुमचं सासर कोणत्या खंडात?"

आबांनी मान खाली घातली. त्यांनाच लाज वाटली असावी. तेवढ्यात आई चुलीपुढून उठून उंबऱ्यापर्यंत आली. परक्या माणसापुढं ती कधी येत नसे. "मंग तुमी काय केलं वो?"

"वर गेले, चिठ्ठी घेतली, खाली येऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पोरांना शिकवलं."

"रडला न्हाई?"

"घरी जाऊन रडले," तुम्ही म्हणालात. "मग भात लावला."

आईनं तुमच्याकडे पाहिलं, मग आबांकडे. "पोरगी जाईल," ती म्हणाली. आमच्या घरात असं तिनं पूर्वी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आबांनीही नसावं. त्यांनी शेवटचा एक खोडा घातला: "ऱ्हायचं कुठं? तिची मावशी तर न्हाई म्हनती."

"माझ्याकडे."

जेवून निघालो तेव्हा आबांनी तुमच्या चपलेला टाका घालून दिला होता आणि स्टेशनापर्यंत बैलगाडी जुंपली होती. वाटभर ते बैलांशीच बोलले.

तुमच्या त्या दोन खोल्या मला आजही दिसतात. स्वयंपाकघरात एक स्टोव्ह, मोजकी भांडी, फळीवर चहाच्या डब्याला टेकून ठेवलेला पृथ्वीचा गोल. स्वयंपाक तुम्हाला येत नव्हता, हे पहिल्या संध्याकाळीच कळलं. मला वाटलं, आपण यांच्या उपकारात आहोत, तर निदान हातानं फेडू. पहाटे उठून मी झाडलोट करायचे, भाकरी थापायचे, तुमच्या साड्या धुवायचे, आणि तुम्ही टेबलाशी वाचत बसलात की तुमच्या पायाशी जमिनीवर पुस्तक घेऊन पेंगायचे. चाचणीत भूगोलातच नापास झाले. तुम्ही पेपर माझ्यापुढं ठेवलात. "मी तुझ्या आईला काय सांगू? तुमच्या मुलीला भाकरी थापायला शिकवते म्हणून?" आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. मी म्हटलं, "पण बाई, तुम्हाला येत नाही ना!" तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढावा लागला. त्या दिवसापासून एक वेळ तुम्ही, एक वेळ मी. तुमच्या भाकरीला शेवटपर्यंत कडा फाटलेल्याच असायच्या.

त्याच आठवड्यात सुतार एक खुर्ची घेऊन आला. तुमच्या खुर्चीसारखीच, बाभळीची, जड. ती तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "ही तुझी. जमिनीवर बसून अभ्यास केलेला मला दिसायला नको." बाई, आमच्या घरी खुर्ची नव्हती. शाळेत मास्तरांची असायची, तिला आम्ही हात लावत नसू. पहिले काही दिवस मी तिच्या अगदी कडेला बसायचे. मग एकदा आबा बाजरीचं पोतं घेऊन आले. तुम्ही त्यांना तुमची खुर्ची दिलीत, ते "नगं, नगं" म्हणत भिंतीला टेकून खालीच बसले. मी उठायला लागले तशी त्यांनीच हात केला. "बस गं. वाच तुझं." ते चहा पीत माझ्याकडे बघत राहिले, आणि मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

मालगाडीही तुम्हीच मोडलीत. "माझ्या तासाला माझ्या मागून कुणी यायचं नाही. घंटा झाली की आपापल्या या, मी मागून येते." पहिल्या दिवशी आम्ही पाचजणी व्हरांड्यात एकमेकींना पुढं ढकलत होतो. शेवटी मी शिरले. कुणीतरी बाक सरकवून वाट दिली, एवढंच. पुढच्या वर्षी गॅदरिंगला आबा पुन्हा आले. माझ्यावर पुन्हा फिशपाँड पडला, बाईंची भाकरी आणि माझा भूगोल यावर काहीतरी. मी वर जाऊन चिठ्ठी घेतली. परतताना आबा तुम्हाला म्हणाले, "गेल्या साली यमक जमलं हुतं. ह्या पोरांना जरा शिकवा." तुम्ही दोघं कधी एकत्र हसलात, तर ते तेवढंच.

पुढं मी शेवगावला मुलींच्या शाळेत लागले, भूगोलच शिकवला, तिथूनच निवृत्त झाले. तुम्ही पुण्याला परत गेलात. शेवटी भेटले तेव्हा तुम्हाला नीट दिसत नव्हतं. तुम्ही मला ॲटलास उघडायला लावून कुठला देश कुठल्या पानावर ते सांगत होतात, आणि बरोबर सांगत होतात. त्या दिवशी एक गोष्ट बोलायची होती, पण नकाशांत दुपार सरली. आता हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहायला सोपं जातंय.

तुम्ही गावी आलात तेव्हा मला परत यायचं नव्हतं, बाई. मी आईला तसं सांगूनही टाकलं होतं. कांद्याच्या वाफ्यात मला कुणी हसत नव्हतं, आणि वैजापूरचं स्थळसुद्धा मला गॅदरिंगच्या त्या मांडवापेक्षा बरं वाटत होतं. कणगीमागे उभी राहून मी देवाला एकच मागत होते, आबांनी नाही म्हणावं. तुम्ही आबांशी बोललात, आईशी बोललात, मला मात्र काही विचारलं नाहीत. पुढं मी मुलींना नेहमी शिकवलं की आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला विचारल्याशिवाय कुणाला घेऊ देऊ नका. आणि प्रत्येक वेळी हे सांगताना मनात म्हणत आले, बाईंनी मला विचारलं नाही ते किती बरं झालं.