धनूसाठी दुमडलेल्या कडा

विसरवाडी,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दानियलदादा,

प्रभूच्या नावात तुला आणि काजलवहिनीला सलाम, धनूला गोड पापा. इकडे सगळे बरे. तूर झोडून झाली. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, ती मात्र कुरकुरत नाही. फोनवर बाबांचं नाव काढलं की तू विषय बदलतोस, म्हणून हे पत्र.

मोठी बातमी म्हणजे जीप! बाबांनी भंगारातून जुनी जीप आणली. इंजिन चांगलं, पण दारांची आतली अस्तरं उंदरांनी कुरतडलेली. मी म्हटलं, पत्र्याची बनवू. आयटीआयला वेल्डिंग शिकले ते कशासाठी? बावीस गेजचा पातळ पत्रा कापून दारांना आतून बसवला आणि हायवेवर चक्कर मारली. पत्रा असा थरथरून खडखडला, अरे, जीप कसली, ताशेवाल्यांची गाडी! टपरीवरची माणसं वरात आली समजून उठली. बाबा हसून हसून वाकले. मागून पट्ट्या वेल्ड केल्या, तर पत्रा तापून उलट पुरीसारखा फुगला.

शेवटी चुनीलालकाकांकडे गेलो. ते बाजारात पत्र्याच्या पेट्या बनवतात. पत्रा हलवून म्हणाले, "मोड दिधाबिगर पत्रा ताठ ऱ्हात नही, बेटी." त्यांनी दाखवलं तसं आम्ही नवा पत्रा खोबणीच्या लाकडावर ठेवला, बोथट छिन्नीनं त्यात लांब वळ ठोकले, कडा काटकोनात वाकवल्या. मग थाप मारली, तर थरथर नाही, एकच 'ढब'! मी तिथंच नाचले.

काम तेवढ्यावर भागलं असतं. पण बाबा म्हणाले, "कडा आणखी दुमड. पार चपट्या कर. लहान हात लागतील."

"कोणाचे?"

बाबा कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "धनू धरून उभी राहते का आता?"

दादा, मुलीला तू त्यांच्या आईचं नाव ठेवलंस, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं असणार. माझ्या हातातली हातोडी खाली पडली आणि तीन वर्षं गिळून ठेवलेलं बाहेर आलं.

तुलाही आता सांगते. तुझ्या लग्नाची पत्रिका तू बाबांसाठी माझ्याकडे दिली होतीस. मी ती दिलीच नाही. वहिनी आपल्या चर्चमधल्या नाहीत म्हणून बाबा तेव्हा पेटलेले. फाडून टाकतील, या भीतीनं मी पत्रिका लपवली. तुला खोटंच सांगितलं, बाबा येत नाही म्हणाले. त्यांना वाटलं, तू बोलावलंच नाहीस.

"बोलावलं होतं त्यानं?" बाबांनी तीनदा विचारलं. मी मान खाली घालून उभी. वर पाहिलं, तर ते हसत होते आणि काळ्या हातांनी डोळे पुसत होते. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी आईला हाक मारली, "सोमी, पोरानं बोलावलं होतं आपल्याला!"

सोळा तारखेला, रविवारची उपासना झाली की आम्ही तिघं जीपनं तुमच्या गावी, प्रकाशाला निघतो. बाबांनी शर्ट आत्ताच इस्त्रीला दिलाय. आई नागलीचे पापड बांधतेय.

रागवायचं तर मला रागव, तुझा हक्क आहे. फक्त त्या दिवशी नको. बाबा फार खुशीत आहेत रे.

तुझी चुकलेली, आणि आज पहिल्यांदाच हलकी झालेली बहीण,
एस्तेर